व्हर्चुआ टेनिस: चेंडू बाहेर जातच नाही, मग टेनिस कसलं?

गिरगावकर्मी
शेजारच्या धाग्यावर एका महाशयांनी ठोकून दिलंय की सेगाच्या १९९९ च्या व्हर्चुआ टेनिस या व्हिडिओ गेमसारखा टेनिसचा खेळ पुन्हा झालाच नाही. कमाल आहे. एक बटण फटक्याचं, एक लॉबचं, म्हणजे डोक्यावरून उंच मारायचं. चेंडू मुद्दाम बाहेर मारायचा म्हटलं तरी सहसा जात नाही. स्लाइसला (चेंडू कापून मारायच्या फटक्याला) वेगळं बटण मिळालं ते दुसऱ्या भागात, २००१ मध्ये, आणि महिला खेळाडूही तेव्हाच आल्या. २००३ च्या टॉप स्पिन या दुसऱ्या टेनिस गेममध्ये निदान धोका पत्करून मारायचे फटके तरी होते. जुन्या आठवणींना किती गुण द्यायचे?

लॉबसम्राट
बटणं मोजून खेळ जोखायचा तर टीव्हीचा रिमोट सगळ्यांत भारी. अहो, या खेळात चूक 'आउट'मध्ये दिसत नाही, जागेत दिसते. चेंडूच्या रेषेत आधी पोचून बटण लवकर दाबलं तर फटक्याला जोर येतो. दाबल्यावर दिशा धरून ठेवली की कोन वाढतो. उशिरा पोचलात की खेळाडू सूर मारतो, परतवलेला चेंडू मऊ पडतो आणि तुम्ही आडवे असताना समोरचा मोकळ्या कोर्टात मारतो. बटणं दोनच आहेत, निर्णय दोन नाहीत.

गिरगावकर्मी
आणि गेममधला नेटबहाद्दर हेनमन घेऊन सर्व्हिसच्या जोराचा गेज मॅक्सला थांबवायचा, नेटकडे धाव, व्हॉली, पॉइंट. कसले निर्णय?

लॉबसम्राट
संगणकासमोर चालतं, ते कबूल. माणसासमोर करून बघा. दोनदा डोक्यावरून लॉब गेला की तिसऱ्यांदा बेसलाइन सोडवत नाही. खेळताय कशावर? फ्लायकास्ट (जुन्या कन्सोलची नक्कल करणारा एम्युलेटर) आणि मोठा एलईडी टीव्ही? टीव्हीचा गेम मोड, म्हणजे चित्रावरचे संस्कार टाळणारी सेटिंग, चालू आहे का? ६० हर्ट्झला एक फ्रेम १६.७ मिलिसेकंदांची. टीव्हीने चित्र 'सुधारण्यात' पाच-सहा फ्रेम खाल्ल्या की लवकर दाबलेलं बटणही उशिराचं ठरतं.

सीलिंगफॅन
एम्युलेटर कशाला? आर्केड मशीनमधला नाओमी बोर्ड आणि सेगाचं घरगुती कन्सोल ड्रीमकास्ट एकाच घराण्यातले, सरळ ड्रीमकास्ट घ्या. हल्ली सेकंडहँडचे भाव मात्र लाज सोडून सांगतात. त्यात मशीन टायब्रेकमध्ये आपोआप रिसेट होतं, आणि विकणारा म्हणतो 'डिस्क खराब आहे'.

कथिलवाला
डिस्क कसली! मुंबईची दमट हवा आहे ती. पॉवर सप्लाय मेन बोर्डावरच्या सहा पिनांवर नुसता बसवलेला असतो, पिना काळवंडल्या की रिसेट. वायर काढून थोडा वेळ थांबा, कपॅसिटरमध्ये चार्ज उरतो. मोडेम काढा, चार स्क्रूंपैकी एक त्याच्याखाली लपलेला असतो. सप्लाय वर उचलून पिना आयसोप्रोपिल अल्कोहोलने घासा, किंचित वाकवा म्हणजे पकड घट्ट बसेल. जपानी मशीन असेल तर १०० व्होल्टचं आहे, थेट २३० वर लावाल तर धूर बघाल.

सीलिंगफॅन
उघडलंच आहे तर घड्याळाची बॅटरीही बदला. सीआर २०३२ कुठेही मिळते.

कथिलवाला
कृपा करून असले सल्ले देऊ नका! मूळ एमएल २०३२ आहे, रिचार्जेबल. मशीन तिला चार्ज करतं. तिथे साधी, रिचार्ज न होणारी सीआर डायोडशिवाय (उलटा प्रवाह अडवणाऱ्या भागाशिवाय) लावली तर ती गळून बोर्ड खाते. लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स दुकानांत एमएल आणि होल्डर मागा. एलआयआर ही लिथियम-आयन बॅटरी गळ्यात मारतील, घेऊ नका. तिला पूर्ण भरायला ४.२ व्होल्ट लागतात, हा बोर्ड तेवढे देत नाही.

सीलिंगफॅन
एवढं अंगावर यायची गरज नव्हती. व्हीएमयूमध्ये (ड्रीमकास्टच्या मेमरी कार्डमध्ये) दोन सीआरच असतात, हे साहेब विसरले वाटतं.

कथिलवाला
व्हीएमयूला चार्जिंग सर्किट नाही म्हणून! दोन्ही एकच समजता आणि वर लोकांना शिकवता. आणि कंट्रोलरचे चारही पोर्ट एकदम मेले तर कंट्रोलर फेकू नका. बॅटरीशेजारचा एफ१ हा फ्यूज तपासा, बहुधा तोच उडालेला असतो.

गिरगावकर्मी
धागा टेनिसचा होता हो. असो. गेम मोड चालू केला. सूर मारणं कमी झालं, हे मान्य करावं लागतंय. म्हणजे सर्वोत्तम खेळ खेळायला आधी टीव्हीचा मेनू पाठ करायचा आणि मग सोल्डरिंग शिकायचं. चेंडू अजूनही बाहेर जात नाही तो नाहीच.

लॉबसम्राट
गेममधल्या फिलिपुसिसची तुफान सर्व्हिस परतवा आधी, मग बाहेरचं बघू.