हातगाडीवाल्याने काटा मारला तर तक्रार कुठे?

प्रश्न: आठवडी बाजारात किलोभर कांदे घेतले, घरच्या काट्यावर नऊशेच भरले. पावती नाही, दुकानाचं नाव नाही. दाद मागायची कुठे?

उत्तर १: वजनमापं राज्याच्या वैधमापन शास्त्र विभागाकडे. तिथल्या निरीक्षकाला कळवा. किंवा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ नंबर लावा.

उत्तर २: माझी आई भाजी विकते. इलेक्ट्रॉनिक काट्याची पडताळणी दरवर्षी करावी लागते, ती करून घेते. शिक्का आणि सील ग्राहकाला दिसेल असा काटा ठेवते. तुम्ही आधी तो शिक्का बघा, पारडं रिकामं असताना शून्य आहे का तेही बघा. चोरी करणाऱ्याची तक्रार जरूर करा, पण गाडी उचला म्हणू नका. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने फेरीवाल्यालाही हक्क दिलेत.

प्रश्नकर्ता: ताई, गाडी उचलायची नाहीच. काटा तपासला जावा, एवढंच.