९११ एससीचा गिअर लिव्हर: मूळचाच ठेवू की शॉर्ट शिफ्टर बसवू?

जुनीचगाडी:
नमस्कार मंडळी. गाडी १९७८ची पोर्शे ९११ एससी, गिअरबॉक्स अर्थातच ९१५. न्यूट्रलमध्ये लिव्हर खलातल्या बत्त्यासारखा गरगर फिरतो. वर गिअरबॉक्स थंड असला की दुसरा गिअर हट्टाला पेटतो. मूळचा लिव्हर नीट करून घ्यावा की बाहेरच्या कंपनीचा शॉर्ट शिफ्टर (हाताची चाल कमी करणारा लिव्हर) टाकावा, यावर घोडं अडलंय. गाडी चालवायला घेतलीय, झाकून ठेवायला नाही. पण मूळचं काही काढायचं म्हटलं की जिवावर येतं.

टॉर्कराव:
शॉर्ट शिफ्टर टाका आणि मोकळे व्हा. मी टाकलाय, जाम मजा येते!

गिअरवेडा:
टॉर्कराव, मजेबद्दल वाद नाही. पण तुमची गाडी १९८७ नंतरची, म्हणजे जी५० गिअरबॉक्सची. त्याचे सिंक्रो, म्हणजे गिअर पडताना शाफ्टचे वेग जुळवणारे भाग, वेगळ्या जातीचे. ९१५ला तोच न्याय लावून चालत नाही.

जुनीचगाडी, तुम्ही दोन वेगळी दुखणी एकत्र सांगताय. आधी ढिलेपणा बघू. गिअरबॉक्स मागे आणि लिव्हर पुढे, मधे टनेलमधून, म्हणजे गाडीच्या तळातल्या मधल्या बोगद्यातून, जाणारा लांबच लांब रॉड. लिव्हरचं खालचं टोक प्लॅस्टिकच्या वाटीत बसतं, रॉड एका गाइड बुशमधून (आधार देणाऱ्या नळीवजा अस्तरातून) सरकतो आणि मागे कपलरमध्येही, म्हणजे रॉड गिअरबॉक्सला जोडणाऱ्या सांध्यातही, बुशच. इतक्या वर्षांत हे प्लॅस्टिक कडक होतं, झिजतं, कधी कधी तुकडे होऊन पडतं. मागच्या सीटांच्या मधलं टनेलवरचं छोटं झाकण उघडा, टॉर्च मारा आणि कुणाला तरी लिव्हर हलवायला सांगा. कपलरची पुढची बाजू हलते आणि मागची क्षणभर ढिम्म राहते? मग तुमचा बत्ता तिथेच फिरतोय. नवा शिफ्टर कितीही भारी आणा, तो याच झिजलेल्या बुशांना ढकलणार.

आता शॉर्ट शिफ्टरचं गणित. लिव्हरची चाल एक तृतीयांशाने कमी केली, तर तेच काम करायला हाताचा जोर साधारण दीडपट लागतो. तरफ आहे, फुकट काही देत नाही. आणि ९१५चे सिंक्रो थोडी उसंत मागतात. दोन शाफ्टचे वेग जुळेपर्यंत हलका दाब ठेवायचा, मग गिअर आपसूक आत ओढला जातो. चाल छोटी झाली की हात नकळत घाई करतो आणि त्याची किंमत सहसा पहिल्या-दुसऱ्याचे सिंक्रो मोजतात. दुसरा आधीच कुरकुरतोय, त्यात ही भर कशाला?

बाहेरचे सगळे शिफ्टर टाकाऊ आहेत असं मात्र मी म्हणणार नाही. काही जण चाल फारशी कमी न करता पिव्होट (लिव्हरचा टेकू) आणि स्प्रिंग सुधारतात, म्हणजे लिव्हर आपोआप तिसऱ्या-चौथ्याच्या रेषेत येतो. ९१५मध्ये पाचव्याच्या बरोबर खाली रिव्हर्स असतो. पाचव्यातून चौथ्यात येताना त्या स्प्रिंगचं मोल कळतं. घ्यायचाच तर असला घ्या. काही कापाकापी न करता बोल्टवर बसणारा बघा आणि जुना लिव्हर पेटीत जपून ठेवा, म्हणजे मूळपणाची काळजी मिटली. पण आधी बुश.

जुनीचगाडी:
दादा, झाकण उघडलं. बुश म्हणायला नुसता चुरा! पण एक विचारतो: इंजिन बंद असताना दुसरा लोण्यासारखा पडतो, सुरू असलं की अडतो. हेही बुशमुळेच?

गिअरवेडा:
नाही, ते दुसरं दुखणं. क्लच पूर्ण सुटत नसेल. तुमच्याकडे केबलचा क्लच आहे, ॲडजस्टमेंट तपासा. क्लच दाबून जरा थांबून रिव्हर्स टाका. करकर झाली तर संशय पक्का. क्लच ठीक निघाला, तर मात्र बोट सिंक्रोकडे जातं. मग गिअरबॉक्स उघडावा लागेल, त्यावर कुठलाच शिफ्टर इलाज नाही. तेलही बघून घ्या, योग्य ग्रेडचं नसेल तर बदला. आणि हो, कपलरचा क्लॅम्प सैल करण्याआधी रॉडवर मार्करने खूण करा. नाहीतर सगळे गिअर पुन्हा जुळवण्यात अख्खा दिवस जाईल.

टॉर्कराव:
जी५०चं बरोबर ओळखलंत 😄 माझा सल्ला मागे.