सोलरच्या तांब्याच्या पाइपाचा जोड टिकत नाही

आर्वीकडचा
नमस्कार मंडळी. गाव आर्वी तालुक्यातलं. स्लॅबवर सोलर आहे, त्याच्या गरम पाण्याच्या १५ मिमी तांब्याच्या पाइपाचा एल्बो, म्हणजे कोपऱ्यावरचा वाकडा जोड, गळून राहिला. मिस्तरीनं दोनदा झाळला, तिसऱ्यांदा पुट्टी थापून गेला. आई पहाटे पाचला उठून सहा जणांच्या आंघोळीसाठी चूल पेटवते, ते पाहवत नाही. म्हणून टॉर्च अन् झाळायची तार आणून मीच बसलो. पण तारेचे गोळे होऊन खाली पडतात, तांब्याला धरतच नाहीत. काय चुकून राहिलं?

फ्रिजवाला
भाऊ, टाकीचा व्हॉल्व्ह पूर्ण बंद होतो का? पाइपात थोडं जरी पाणी झिरपत असलं तरी सगळी आच तेच खाते. पाणी १०० अंशांवर अडतं, अन् कथील-शिशाच्या तारेला १८३ च्या वर पाहिजे. झिरपणं थांबत नसेल तर पाइपात पावाचा मऊ गर कोंबा. नंतर पाण्यात विरघळून निघून जातो, फक्त नळाची जाळी आधी काढून ठेवा.

कल्हईवाल्याचा पोरगा
माझे वडील गावोगाव कल्हई करत. भांडं मातीनं, राखेनं घासून लख्ख केल्याशिवाय ते कथलाला हात लावत नसत. मग तापल्या भांड्यात नवसागर टाकला की पांढरा धूर निघे, अन् कापसाच्या बोळ्यानं कथील असं पसरे जसं पाणीच. भांड्यात कुठं काळं राहिलं की तेवढी जागा कथील सोडून देई. तुमचं तेच झालं आहे दादा. तिथं आता जुनी झाळ, काजळी अन् पुट्टी आहे.

एल्बो कापून टाका, नवा घ्या. पाइपाचं टोक बाहेरून अन् एल्बो आतून पॉलिशपेपरनं घासा, तांबं गुलाबी दिसेपर्यंत. मग बोट लावू नका. फ्लक्सचा, म्हणजे झाळ नीट धरावी म्हणून लावायच्या पेस्टचा, पातळ हात द्या. नवसागर इथं नको, आत राहिला तर तांबं खातो.

ज्योत एल्बोवर धरा, तारेवर नाही. तार दुसऱ्या बाजूनं टेकवा. तांब्याच्याच उष्णतेनं ती वितळली पाहिजे, मग फट तिला स्वतः आत ओढून घेते. निवेपर्यंत जोड हलवू नका. फुंकरही नको.

आणि हे पाणी स्वयंपाकाला घेत असाल तर शिशाची तार अजिबात वापरू नका. बिनशिशाची कथील-तांब्याची मिळते, ती २२७ अंशांच्या पुढं वितळते.

आर्वीकडचा
व्हॉल्व्हच झिरपत होता. आई कधीकधी वरणाला हेच पाणी घेते, म्हणून बिनशिशाची तार वर्ध्याहून आणवली. आज ऊन चढायच्या आत एल्बो बदलला. तार टेकवली अन् जोडाभोवती चांदीसारखी कड फिरली, तेव्हा अंगावर काटा आला. संध्याकाळपर्यंत तीनदा वर जाऊन कोरडं फडकं फिरवून पाहिलं, ओल नाही. दादा, तुमच्या वडिलांना नमस्कार सांगा.