भाऊ दाजी लाड म्युझियममधली 'बॉम्बे पॉटरी' कशी बघावी?

प्रश्न: भायखळ्याच्या म्युझियममधे जेजे स्कूल ऑफ आर्टची जुनी पॉटरी आहे ती बघायला जायचंय, पण नुसतं फुलदाण्यांसमोरून फिरून परत यायचं नाहीये, नेमकं काय बघू?

उत्तर १: आधी नक्षी बघा. जेजेचे शिक्षक जॉन ग्रिफिथ्स आणि तिथले विद्यार्थी १८७२ पासून अजिंठ्याला जाऊन भित्तिचित्रांच्या प्रती करत होते आणि लेण्यांतलेच माणसांचे, वेलबुट्टीचे नमुने पुढे या भांड्यांवर आले, मला तर हीच सगळ्यात भारी गोष्ट वाटते, लेण्यातली भिंत थेट फुलदाणीवर!

उत्तर २: आणि ग्लेझ, म्हणजे भांड्यावरचा काचेसारखा चकाकता लेप, विसरू नका हां. जेजेचेच शिक्षक जॉर्ज टेरींनी सिंधकडच्या चकाकत्या मातीकामाचा वारसा इथे आणला. खाली वाकून बुडाच्या कडेला बघा, ग्लेझ ओघळून जिथे साचतं तिथे रंग एकदम गडद होतो.

उत्तर ३: टेरींच्याच 'वंडरलँड आर्ट पॉटरी' या कारखान्याचं नाव लेबलवर दिसलं तर थांबाच. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधेही बॉम्बे पॉटरी आहे, पण ज्या हातांनी चाक फिरवलं त्या कुंभारांची नावं फारशी कुठे येत नाहीत, ती यायला हवीत राव.

प्रश्नकर्ता: मस्त, रविवारी जातोच!