कॅनडातून अमेरिकेत आल्यावर आरआरएसपी, टीएफएसए यांची माहिती कुठे आणि कशी द्यावी?

प्रश्न – सॅनहोजेकर

नमस्कार. २०२३ च्या उन्हाळ्यात आम्ही मिसिसॉगा सोडून कॅलिफोर्नियात सॅन होजे येथे राहायला आलो. आम्हा दोघांच्या आरआरएसपी (कॅनडातील निवृत्ती-बचत) खात्यांत मिळून सुमारे १,४०,००० कॅनेडियन डॉलर आहेत, माझ्या टीएफएसएमध्ये (कॅनडातील करमुक्त बचत खात्यात) ३८,००० आहेत आणि लग्नाआधी उघडलेले पीपीएफ खाते पुण्यात अजून चालू आहे. आमची पहिली दोन्ही अमेरिकी विवरणपत्रे ज्यांनी भरली त्यांनी परदेशातील खात्यांविषयी विचारले नाही आणि आम्हीही सांगितले नाही, कारण यांपैकी कशातूनही आम्ही एक पैसा काढलेला नव्हता. आता एका सहकाऱ्याकडून एफबारविषयी (परदेशातील खात्यांची माहिती अमेरिकी सरकारला देण्याच्या फॉर्मविषयी) कळल्यापासून झोप लागत नाही. जुन्या लेखांत आरआरएसपीसाठी फॉर्म ८८९१ भरा असे सांगितलेले दिसते. तो भरायचा का? टीएफएसए कॅनडात करमुक्त आहे, मग तो इथेही करमुक्त आहे ना? आणि राहून गेलेले आता कसे निस्तरावे?

उत्तर – आकडेमोड

प्रथम फॉर्म ८८९१ विषयी, कारण जुन्या लेखांमुळे अजूनही अनेकांचा गोंधळ होतो. हा फॉर्म २०१४ साली रद्द झाला. अमेरिका-कॅनडा करसंधीनुसार आरआरएसपीतील वाढीवरचा संघीय कर रक्कम काढेपर्यंत पुढे ढकलता येतो, आणि त्यासाठी पूर्वी दरवर्षी जी निवड कळवावी लागे ती आता पात्र व्यक्तीच्या बाबतीत आपोआप झाली असे मानले जाते. मात्र कर पुढे ढकलला गेला म्हणजे माहिती देण्याचे कर्तव्य संपले असे नाही, आणि तुमच्या हातून नेमके हेच निसटले आहे.

एफबार, म्हणजे फिनसेन फॉर्म ११४, हा आयकर विवरणपत्राचा भाग नाही; तो अमेरिकी वित्त खात्याच्या वेगळ्या संकेतस्थळावर भरायचा असतो. अमेरिकेबाहेरील सर्व खात्यांची मिळून शिल्लक वर्षात एकदा जरी १०,००० अमेरिकी डॉलरच्या वर गेली, तरी प्रत्येक खाते त्यात दाखवावे लागते. तुमच्या बाबतीत आरआरएसपी, टीएफएसए आणि पुण्याचे पीपीएफ ही तिन्ही त्यात येतात. मुदत १५ एप्रिलची असून १५ ऑक्टोबरपर्यंतची वाढ अर्ज न करता मिळते. याशिवाय परदेशातील आर्थिक मालमत्ता दाखवणारा फॉर्म ८९३८ विवरणपत्रासोबत जोडायचा असतो. अमेरिकेत राहून संयुक्त विवरणपत्र भरणाऱ्या दांपत्याला तो अशी मालमत्ता वर्षअखेरीस १,००,००० किंवा वर्षात केव्हाही १,५०,००० अमेरिकी डॉलर ओलांडल्यास लागू होतो. तुम्ही दिलेल्या आकड्यांवरून तुमची बेरीज पहिल्या मर्यादेच्या वर जाते. एकाच खात्याची माहिती दोन ठिकाणी देणे अनेकांना निरर्थक वाटते, पण एक भरला म्हणून दुसऱ्यातून सूट मिळत नाही.

उत्तर – टोरांटो ते फ्रीमाँट

टीएफएसएच्या प्रश्नाचे उत्तर दुर्दैवाने ‘नाही’ असे आहे. करसंधीचे जे संरक्षण आरआरएसपीला मिळते ते टीएफएसएला मिळत नाही, त्यामुळे त्यातील व्याज, लाभांश आणि विक्रीवरचा नफा हे सर्व अमेरिकेत त्या त्या वर्षीचे करपात्र उत्पन्न ठरते. त्यात कॅनडाचे म्युच्युअल फंड किंवा ईटीएफ असतील तर प्रत्येक फंडासाठी परदेशी फंडांची माहिती देणाऱ्या फॉर्म ८६२१ चा प्रश्न उभा राहतो. टीएफएसएला परकीय न्यास मानून फॉर्म ३५२० भरावा की नाही, यावर सल्लागारांमध्ये एकमत नाही. मी स्वतः अमेरिकेत येण्यापूर्वी हे खाते बंद केले नाही, आणि ११,००० डॉलरच्या खात्यासाठी पुढे तीन वर्षे विवरणपत्र भरण्याचा खर्च त्यातील व्याजापेक्षा अधिक झाला. अजून कॅनडातच असलेल्या वाचकांना माझी कळकळीची विनंती आहे की निघण्याच्या तारखेआधी टीएफएसए मोकळे करावे. तिथे राहत असताना ते काढण्यावर काहीच कर नाही. निघाल्यानंतर त्यात भर तर मुळीच घालू नये, कारण अनिवासी असताना भरलेल्या रकमेवर कॅनडा दरमहा १ टक्का कर लावतो.

कॅलिफोर्नियाची गोष्ट आणखी वेगळी आहे. हे राज्य करसंधीतील ही सवलत मानत नाही, त्यामुळे आरआरएसपीमधील वार्षिक उत्पन्न संघीय विवरणपत्रात दाखवावे लागत नसले तरी राज्याच्या विवरणपत्रात दरवर्षी दाखवावे लागते. ज्या उत्पन्नावर राज्याने कर घेतला आहे त्यावर रक्कम काढताना पुन्हा कर लागत नाही, पण ते सिद्ध करण्यासाठी प्रत्येक वर्षाचे खातेउतारे तुमच्याजवळ असले पाहिजेत. तुम्ही इथे राहायला आलात त्या दिवसाचा उतारा आजच मागवून ठेवा.

सॅनहोजेकर

दोघांचेही मनापासून आभार. मग आरआरएसपी मोडून सगळे पैसे इकडे आणले तर हा व्याप कायमचा संपेल का?

उत्तर – आकडेमोड

व्याप संपेल, पण किंमत पाहून ठरवा. अनिवासी व्यक्तीने आरआरएसपी एकरकमी काढल्यास कॅनडा २५ टक्के कापून घेतो. निवृत्तीनंतर ठरावीक हप्त्यांनी घेतल्यास करसंधीनुसार ही कपात १५ टक्क्यांवर येते. संघीय करात त्याचे श्रेय फॉर्म १११६ द्वारे मागता येते, मात्र कॅलिफोर्निया परदेशात भरलेल्या कराचे श्रेय देत नाही. केवळ कागदपत्रांच्या कंटाळ्याने ती पुंजी मोडावी असे मला वाटत नाही.

राहून गेलेल्या वर्षांविषयी मात्र एक गोष्ट नीट समजून घ्या. सर्व उत्पन्न आधीच दाखवलेले असते आणि फक्त एफबार राहिला असता, तर उशिराचे कारण लिहून तो भरणे पुरले असते. तुमच्या टीएफएसएचे उत्पन्न दाखवलेले नाही आणि पीपीएफचे व्याजही नाही. भारतात करमुक्त असलेले ते व्याज इथे करपात्र धरले जाते. म्हणून आयआरएसच्या (अमेरिकी करखात्याच्या) ‘स्ट्रीमलाइन्ड’ योजनेच्या, म्हणजे मागची चूक स्वतःहून दुरुस्त करण्याच्या योजनेच्या, देशांतर्गत शाखेचा (अमेरिकेत राहणाऱ्यांसाठीच्या) विचार करावा लागेल. त्यात सर्वसाधारणपणे तीन वर्षांची सुधारित विवरणपत्रे आणि सहा वर्षांचे एफबार द्यावे लागतात, अर्थात तुम्ही अमेरिकी निवासी होता तेवढ्याच वर्षांचे. चूक हेतुपुरस्सर नव्हती असे घडलेल्या हकिकतीसह प्रमाणित करावे लागते आणि ५ टक्के दंड भरावा लागतो. कोणती खाती त्या दंडाच्या हिशेबात धरायची हे दोन्ही देशांचे कायदे जाणणाऱ्या सल्लागाराकडून ठरवून घ्या. आयआरएसकडून चौकशी सुरू झाल्यावर हा मार्ग बंद होतो, त्यामुळे पुढच्या एप्रिलची वाट पाहू नका. तोवर नुसताच या वर्षापासून फॉर्म भरायला सुरुवात करून मागचे तसेच सोडून देण्याचा मोहही टाळा.

उत्तर – परतीच्या वाटेवर

आम्ही उलट दिशेने, ऑस्टिनहून ओटावाला गेलो, म्हणून एवढेच नोंदवतो. ४०१(के) आणि पारंपरिक आयआरए या अमेरिकेतील निवृत्ती-बचत खात्यांची आम्हाला फारशी अडचण आली नाही. रॉथ आयआरएसाठी मात्र कॅनडाचे निवासी झाल्याच्या पहिल्या वर्षाच्या विवरणपत्राच्या मुदतीपर्यंत सीआरएला (कॅनडाच्या करखात्याला) करसंधीचे संरक्षण घेण्याची लेखी निवड एकदाच कळवावी लागते, आणि त्यानंतर त्यात नवी रक्कम घातल्यास त्या रकमेपुरते संरक्षण जाते. आमच्या बँकेतील सल्लागाराला हे ठाऊक नव्हते. आम्ही मुदतीच्या चार दिवस आधी ते पत्र पाठवले.