यक्षीला पुन्हा विमानात बसवायचं? माझा ठाम विरोध

गाळपेर
काल इथे एकानं लिहिलं होतं : "वस्तू कुलपात ठेवून देशाचं नाव होत नाही. दिदारगंजची यक्षी, मोहेंजोदडोची नर्तकी, पिप्रहवाच्या स्तूपातले बुद्धधातू (बुद्धांचे अस्थी-अवशेष), सगळं जगभर फिरवा. काही झालं तर विमा असतोच की." हे 'विमा असतोच की' वाचून रात्रभर चडफडलो, म्हणून लांबलचक लिहितोय.

यक्षी ही दगडी स्त्रीमूर्ती १९१७ साली पाटण्याजवळ गंगाकाठी सापडली. चुनारचा वालुकाश्म आणि त्यावर आरशासारखी झिलई. शतकानुशतकं जमिनीत राहूनही ती झिलई टिकली. ऐंशीच्या दशकात भारत महोत्सवासाठी यक्षी अमेरिकेला गेली आणि चेहऱ्याला इजा होऊन परत आली. त्यानंतर तिला देशाबाहेर पाठवायचं नाही असं ठरलं. ती झिलई आज कुणाला करता येत नाही. विम्याच्या पैशांनी काय भरून काढणार?

जानेवारी २०२५ मध्ये रोमानियाचं कोत्सोफेनेश्टीचं सोन्याचं शिरस्त्राण नेदरलँड्सच्या एका संग्रहालयात पाहुणं म्हणून गेलं होतं. चोरांनी स्फोटानं दार उडवलं आणि ते तीन सोन्याच्या कड्यांसकट पळवलं. बांगलादेशाचं तर २००७ साली त्याहून वाईट झालं. पॅरिसच्या प्रदर्शनाला निघालेल्या दोन विष्णुमूर्ती ढाक्याच्या विमानतळावरूनच चोरीला गेल्या आणि पुढे कचऱ्याच्या ढिगात त्यांचे तुकडे सापडले. प्रदर्शनच रद्द झालं. आता सांगा, फिरवा?

पेटारा
मी बावीस वर्षं संग्रहालयात हेच काम केलं. वस्तू बांधायची, पेटीत घालायची, सोबत जायचं, सोडवायची. त्यामुळे तुमचा राग कळतो, पण तुम्ही दोष चुकीच्या जागी देताय.

परदेशी जाणाऱ्या वस्तूची जेवढी काळजी घेतली जाते तेवढी देशात फिरणाऱ्या वस्तूची कुणी घेत नाही. निघण्याआधी तिचा प्रत्येक चरा, प्रत्येक टवका फोटोसकट नोंदवतात, त्यावर दोन्ही बाजूंच्या सह्या होतात. पेटी आतून तिच्या आकाराची कोरलेली असते. पोचल्यावर पेटी लगेच फोडायची नाही, निदान एक दिवस तिथल्या हवेत तशीच बंद ठेवायची. उघडताना आपला माणूस समोर हवाच.

आता इथलं ऐका. एका संग्रहालयात (नाव घेत नाही) मंत्र्यांची भेट होती म्हणून आदल्या रात्री एक मध्ययुगीन मूर्ती गोणपाटात गुंडाळून हातगाडीवरून दुसऱ्या दालनात नेली. सकाळी एक बोट गायब. नोंदवहीत आजही ती मूर्ती 'सुस्थितीत' आहे. मी लेखी तक्रार केली, तर माझीच बदली झाली. तुतनखामूनच्या मुखवट्याची दाढी कुठे निखळली? कैरोतच, २०१४ मध्ये, त्याच्या स्वतःच्या घरात. आणि घाईघाईत इपॉक्सीनं चिकटवली होती!

गाळपेर
घरी हेळसांड होते म्हणून लेकरू शेजाऱ्याकडे पाठवायचं का? तुमच्या मूर्तीचं बोट तुटलं याचं मलाही वाईट वाटतं. पण त्यावर उपाय हातगाडीवाल्याला शिकवणं हा आहे, यक्षीला विमानात चढवणं हा नाही.

आणि धातूंचंच घ्या. ते 'एए' श्रेणीतले, म्हणजे नाजूक असल्यामुळे बाहेर पाठवायचे नाहीत असे. २०२२ मध्ये मंगोलियासाठी 'विशेष अपवाद' केला. २०२४ मध्ये थायलंड. एकदा दार किलकिलं झालं की ते पुन्हा लागत नाही, हाच माझा मुद्दा आहे.

निरंजना
थायलंडचं नाव निघालंच आहे तर मी तिथे होते. नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही बँकॉकला असतो. सनाम लुआंगच्या मैदानावर मी रांगेत उभी राहिले. पुढे एक म्हातारी होती, चाकाच्या खुर्चीत, मांडीवर कमळाच्या कळ्या. धातूंसमोर पोचल्यावर तिनं डोकं टेकवलं ते उचलेचना. तिच्या नातीनं हळूच खांद्याला हात लावला. त्या दौऱ्यात चाळीस लाखांहून जास्त लोकांनी दर्शन घेतलं. माझी आजी १९५६ ला नागपुरात दीक्षाभूमीवर होती. तिला आयुष्यात एकदाही दिल्लीला जाऊन हे धातू बघता आले नाहीत. मला ते परक्या देशात दिसले, आणि त्या म्हातारीच्या जागी मला आजीच दिसली.

तुम्ही शिरस्त्राण आणि धातू एकाच यादीत मांडताय. धातू दर्शनासाठीच असतात दादा. त्या दौऱ्यात बुद्धांचे शिष्य सारिपुत्त-मोग्गलान यांचे सांचीचे धातूही होते. ते इंग्रज पुरातत्त्वज्ञ कनिंगहॅमच्या काळात उकरून इंग्लंडला नेले, व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात राहिले, मग परत आले आणि १९५२ मध्ये सांचीत पुन्हा प्रतिष्ठापित झाले. त्यांना प्रवास नवा नाही.

अजिंक्यतारा
थांबा. हेच ते व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट ना? धातू कायमचे परत देता आले, मग महाराजांची वाघनखं तीन वर्षांच्या बोलीवर का? आपलीच वस्तू आपल्याला उसनी! उसनवारीवर चर्चा करायची तर इथून करा.

दस्तऐवज
'महाराजांची' हे कुठून आलं? ते संग्रहालय स्वतःच सांगतं की ही वाघनखं अफजलखानाच्या वधात वापरली होती हे पडताळता येत नाही. पेटीवरचा मजकूर काय म्हणतो? ब्रिटिश रेसिडेंट ग्रँट डफ साताऱ्याला असताना पेशव्यांच्या प्रधानानं ती त्याला दिली. १६५९ ते १८१८ या दीडशे वर्षांत ती कुठे होती, याचा एक कागद दाखवा.

अजिंक्यतारा
कागद कागद कागद! जुलै २०२४ मध्ये साताऱ्यात ती आली तेव्हा वडिलांना घेऊन गेलो. वय ८१, गुडघे गेलेले, तरी रांगेत बसायला नको म्हणाले. काचेपुढे आल्यावर पायातली चप्पल काढली. त्यांच्या डोळ्यांतलं पाणी खोटं होतं म्हणायचंय का तुम्हाला?

दस्तऐवज
पाणी खरं होतं. वाघनखांबद्दल मी बोलतोय, वडिलांबद्दल नाही. भावनेला हात घातला की प्रश्न विचारणारा द्रोही ठरतो, या सवयीचाच मला संताप येतो. महाराजांबद्दल आदर आहे म्हणूनच त्यांच्या नावावर काहीही खपवलेलं मला चालत नाही.

अजिंक्यतारा
'खपवलेलं' शब्द मागे घ्या. आत्ता.

दस्तऐवज
'खपवलेलं' मागे घेतो. 'सिद्ध न झालेलं' कायम.

निरंजना
दोघंही जरा श्वास घ्या. पिप्रहवाच्या रत्नांचा मात्र खरा धडा आहे. १८९८ मध्ये पेपे नावाच्या इंग्रजानं तिथला स्तूप खणला, काही रत्नं त्याच्या घराण्याकडे राहिली आणि २०२५ मध्ये हाँगकाँगला थेट लिलावाला निघाली! बोभाटा झाला, लिलाव थांबला, त्याच वर्षी ती भारतात परत आली. पाहुणी म्हणून पाठवलेली वस्तू करारानं परत येते. नेलेली वस्तू अशी भांडून आणावी लागते.

गाळपेर
करारानं परत येतेच असं नाही. क्रिमियाच्या संग्रहालयांतलं शक लोकांचं सोनं २०१४ मध्ये अॅमस्टरडॅमला प्रदर्शनात होतं. तेवढ्यात रशियानं युक्रेनकडून क्रिमिया घेतला. परत कुणाला द्यायचं, यावर २०२३ पर्यंत कोर्टकज्जे चालले, शेवटी ते कीव्हला गेलं. करारावर सही करणाऱ्या संग्रहालयांना मिळालं नाही.

धातूंबाबत मात्र, ताई, तुमच्या त्या म्हातारीनं मला अडवलं. दर्शनासाठी, भिक्खूंच्या सोबतीनं जात असतील तर जाऊ देत. मनापासून नाही म्हणत, पण म्हणतो. यक्षीचं तसं नाही. मी १९९८ ला परीक्षेसाठी पाटण्याला गेलो होतो. पेपर वाईट गेला म्हणून वेळ काढायला संग्रहालयात शिरलो आणि तिच्यासमोर दोन तास बसून राहिलो. खांद्यावरची चवरी, पोटावरची ती हलकी वळी. त्या झिलईत खिडकीचा उजेड सरकताना दिसत होता. तिच्यासाठी पाटण्याला जावं, तिनं कुणासाठी कुठे जाऊ नये.

पेटारा
झिलईदार दगडाबाबत तुमचं मान्य करतो, नाइलाजानं. दगडाचा टवका जोडता येतो, मौर्यकालीन झिलई जोडता येत नाही, हे मीच शिकाऊ पोरांना सांगायचो. तिची उत्तम प्रतिकृती पाठवा, माझी हरकत नाही. पण सगळ्यांना एकच कुलूप लावू नका. २०१३-१४ मध्ये इराणच्या सायरस राजाची मातीची वृत्तचिती (सिलिंडर) ब्रिटिश म्युझियमकडून मुंबईला आली होती. भाजकी माती, अडीच हजार वर्षांची. ती आपल्या हवाली केली म्हणूनच आपल्या पोरांना बघता आली. आपण नुसतं मागत राहायचं आणि द्यायचं नाही, हे मला पटत नाही. नर्तकी कांस्याची आहे, जेमतेम साडेदहा सेंटिमीटर. ती मी मांडीवर घेऊन जगाच्या टोकाला नेईन आणि जशीच्या तशी परत आणीन.

अजिंक्यतारा
आणि वाघनखं?

दस्तऐवज
ती करार संपल्यावर परत जातील.

अजिंक्यतारा
बघू.

गाळपेर
पेटारेकाका, तुमच्या हातांवर माझा विश्वास आहे. तरी नर्तकीलाही नाही.