जुनी फायबरची मोटरबोट दुरुस्तीसाठी घ्यावी का?

प्रश्नकर्ता: नमस्कार. अलिबागजवळ १८ फुटी, १९९८ च्या सुमारास बांधलेली फायबरची मोटरबोट विक्रीस आहे. मागे ४० अश्वशक्तीचे दोन-स्ट्रोक आउटबोर्ड इंजिन आहे. बोट दोन पावसाळे काठावर ताडपत्रीखाली पडून आहे. इंजिन सुरू होते आणि रंगकामाशिवाय काही करावे लागणार नाही, असे मालक सांगतात. मला धातुकाम येते, मात्र फायबरचे काम मी कधी केलेले नाही. किंमत तशा नव्या इंजिनाच्या निम्म्याहूनही कमी आहे. घेण्यापूर्वी काय तपासावे?

खाडीकाठ: इंजिनाचा विचार नंतर करा, आधी ट्रान्सम, म्हणजे ज्यावर इंजिन टांगलेले असते ती मागची उभी फळी, पाहा. या वयाच्या बहुतेक बोटींत तिच्या आत प्लायवूड असते आणि इंजिनाच्या बोल्टच्या छिद्रांतून पाणी शिरले की बाहेरचे फायबर चकचकीत राहूनही आतले लाकूड कुजते. इंजिन वर उचलून त्याच्या खालच्या टोकावर हाताने जोर द्या आणि फळी हलते का, तिच्या कडांना बारीक तडे आहेत का, हे पाहा. मग छोट्या हातोडीने सगळीकडे ठोका. घट्ट भागाचा आवाज खणखणीत येतो, कुजलेल्या भागाचा बद्द. मालकाची परवानगी असल्यास आतल्या बाजूने, तळाजवळ, ५ मिलिमीटरचे एक भोक पाडा. भुसा काळा व ओला निघाला, तर ट्रान्सम नवा करावा लागेल, आणि तळाला आतून जोडलेले लांबीचे आधारही तसेच असण्याची शक्यता मोठी आहे. पहिल्याच प्रकल्पात एवढे फायबरकाम कोणी अंगावर घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. भोक नंतर इपॉक्सीने बुजवावे.

दर्यावर्दी: वरील मताशी सहमत आहे. इंजिनाबाबत एवढेच सांगतो की नुसते सुरू होणे पुरेसे नाही. सर्व सिलिंडरांचे कॉम्प्रेशन, म्हणजे आत तयार होणारा दाब, मोजा. त्यांत १० टक्क्यांहून अधिक फरक असेल, तर किंमत त्या हिशेबाने पाडून मागा. खालच्या गिअरचे तेल काढून पाहा. ते दुधाळ असेल, तर सीलमधून पाणी आत गेले आहे. खाऱ्या पाण्यात वापरलेले इंजिन दर फेरीनंतर गोड्या पाण्याने धुतले जात होते का, हेही विचारा.

नाखवा: नोंदणीची कागदपत्रे विकणाऱ्याच्याच नावावर आहेत ना, हे महाराष्ट्र सागरी मंडळाकडे स्वतः जाऊन पडताळा, मगच इसार द्या. आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असते. ते जुन्या रबरी नळ्या खराब करते आणि ओलावा शोषते, म्हणून इंधनाच्या सर्व नळ्या बदलण्याचा खर्च धरूनच चाला. शिवाय दमट हवेत पॉलिएस्टर रेझिन, म्हणजे फायबर एकत्र धरणारा चिकट द्रव, नीट घट्ट होत नाही, त्यामुळे फायबरकाम दिवाळीनंतर, तेही छताखाली करावे. तशी जागा नसेल, तर बोट कितीही स्वस्त असली तरी घेऊ नका.

प्रश्नकर्ता: सर्वांचे मनापासून आभार. गावातील शेड मिळण्यासारखी आहे. मालकांकडे भोक पाडण्याची परवानगी मागतो. ती न मिळाल्यास हा व्यवहार सोडून देईन.